दम आधी परततो, खांदा मागून

सोलापूर. मे महिना, पहाटेचे साडेपाच. पंचेचाळिशीत पोहण्याच्या स्पर्धेकडे परतणाऱ्यांच्या सरावाची वेळ. उघड्या तलावाचं पाणी एवढ्या सकाळीही थंड नसतं, आणि दुपारी पारा चाळिशी ओलांडेल. स्पर्धेच्या पाण्याचं तापमान २५ ते २८ अंश ठरलेलं आहे. त्याहून ऊन पाण्यात जोराचा सेट मारला की अंग तापतं, घाम सुटतो आणि पाण्यात तो कळतही नाही. म्हणून इथं कष्टाचा सराव पहाटेच उरकायचा, लेनच्या टोकाला पाण्याची बाटली ठेवून.

(दृश्य: पाण्यात शिरणारा हात, अगदी जवळून)

अंगठा खाली, तळवा बाहेर वळलेला. अनेकांनी लहानपणी असाच हात टाकायला शिकलं. यात दंडाचं हाड आत वळतं आणि वरच्या हाडाखाली खांद्याची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) चिमटते. विशीत हे खपून जातं. पण २५ मीटरला एका हाताचे नऊ स्ट्रोक धरले, तर २००० मीटरच्या सरावात तोच हात सातशे वीस वेळा असा पडतो. बोटांची टोकं आधी शिरू द्या, हात खांद्याच्या रेषेत ठेवा. डोक्यासमोरून पलीकडे नेऊ नका.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांची अडचण वेगळी. डोकं वर ठेवायची सवय जात नाही, त्यामुळे पाय बुडतात आणि सगळा भार खांद्यांवर येतो.

पंचेचाळिशीत स्पर्धेकडे परतणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. दम काही आठवड्यांत परत येतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, तिला महिने लागतात. दम आला म्हणून अंतर वाढवलं, हातांना पॅडल (पाणी जास्त ढकलणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या) चढवले, की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

आधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी. मग पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीनदा, १२०० ते १५०० मीटर. पॅडल नकोतच. एक दिवसाआड रबर बँडनं, कोपर अंगाला लावून, हात बाहेर फिरवायचा: पंधराचे तीन सेट.

वयाबरोबर आधी झिजतात ते वेगाचे स्नायूतंतू. नुसते लांब लॅप मारून ते टिकत नाहीत. वजनं उचलावी लागतात. पाण्यात पूर्ण वेगानं २५ मीटरचे आठ, प्रत्येकानंतर दोन मिनिटं विश्रांती. असा पुढचा सेट ४८ तासांनंतरच.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जलतरणपटू डारा टोरेस ४१ वर्षांच्या होत्या. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांची वेळ २४.०७ सेकंद, सुवर्णपदकाची २४.०६. एक शतांश सेकंद!

तुम्ही स्पर्धेपासून दूर होता, त्या काळात नियमही बदललेत. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सुरुवातीला आणि टर्ननंतर पाण्याखाली एक डॉल्फिन किक चालते, ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या चौथऱ्यावर, मागच्या पायाला तिरका टेकू असतो. मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धा २५ व्या वर्षापासून, पाच-पाच वर्षांच्या गटांत. वय ३१ डिसेंबरला मोजतात. ब्लॉकवरून सूर मारणं जमत नसेल, तर पाण्यातूनही सुरुवात करता येते.

(दृश्य: तलावाच्या काठावर, बाजूनं हात वर नेणारा जलतरणपटू)

पाण्यात उतरण्याआधी रोज ही तपासणी करा. हात बाजूनं वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांत, कळ आली तर त्या दिवशी स्ट्रोक बंद, फक्त किक. तीही फळी धरून नाही, कारण हात पुढे ताणले की तीच कंडरा पुन्हा चिमटते. उताणं व्हायचं, हात मांड्यांशी आणि पाय चालू.