मुळात फोन का आला?

मंडळी, माझ्या नोकरीची सुरुवात कॉल सेंटरमध्ये हेडसेट लावून झाली. पहिल्याच दिवशी टीम लीडरने एक आकडा पाठ करून घेतला: साडेचार मिनिटं. कॉल तेवढ्यात संपला पाहिजे. या धंद्यात त्याला एएचटी म्हणतात, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. महिन्याभरात आम्ही सगळे तरबेज झालो. चार मिनिटं होत आली, की ‘आपला कॉल संबंधित विभागाकडे जोडतो’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्या विभागालाही साडेचार मिनिटांचंच टार्गेट होतं, त्यामुळे ते कॉल आमच्याकडे परत जोडायचे. ग्राहकाचा चेंडू झाला होता आणि भिंतीवरचा बोर्ड हिरवागार होता.

पुढे आकडा बदलला. ‘आमची शिफारस करण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती?’ हा प्रश्न आला. व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइशहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेला हा निर्देशांक. ९-१० देणारा आपला चाहता, ६ किंवा त्याखाली देणारा नाराज, मधले ७-८ ना इकडचे ना तिकडचे. कल्पना चांगली आहे. पण त्यावर बोनस ठरायला लागला, त्या दिवसापासून आम्ही ग्राहकाला कॉलच्या शेवटी ‘दहाच द्या हं’ अशी गळ घालायला लागलो. त्यात सेवा तसूभरही सुधारली नाही, फक्त आमचा आवाज गोड झाला.

ग्राहकसेवेतल्या नव्या प्रयोगांवर बोलायला तुम्ही मला बोलावलंत आणि मी जुनी रड सांगतोय, असं वाटेल. पण नवं काय आणि नुसतं रंगवलेलं काय, हे ओळखायला ती उपयोगी पडते.

जॉन सेडन या ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञांनी सेवाकेंद्रात येणाऱ्या मागणीचे दोन भाग केले. पहिली खरी मागणी: मला खातं उघडायचंय, पत्ता बदलायचाय. दुसरीला ते ‘फेल्युअर डिमांड’ म्हणतात. आपण काहीतरी केलं नाही किंवा धड केलं नाही म्हणून येणारे हे फोन. ‘पार्सल कुठे आहे?’, ‘बिलात ही रक्कम कसली?’, ‘मागच्या आठवड्यात तक्रार केली होती, तिचं काय झालं?’ या फोनना कितीही नम्रपणे उत्तर दिलं तरी ते आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असंच असतं. एका ठिकाणी आम्ही बिलातली एक ओळ बदलली. ‘समायोजन’ असा शब्द होता, त्याऐवजी ‘मागच्या महिन्याची राहिलेली रक्कम’ लिहिलं. त्या ओळीबद्दलचे फोन जवळजवळ थांबले. त्यासाठी ना ॲप लागलं, ना प्रशिक्षण. माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा नवा प्रयोग बहुधा तोच, आणि त्याचं प्रेझेंटेशन कुणीच मागितलं नाही!

आता थोडं गणित. कंटाळू नका, कारण इथे बहुतेक व्यवस्थापक चुकतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचे गणितज्ञ होते. टेलिफोनवर येणाऱ्या कॉलच्या गर्दीचं गणित त्यांनी १९०९ मध्ये मांडलं. रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं आणि आजही कॉल सेंटरमध्ये माणसं किती लागतील ते त्यांच्याच सूत्रांवर ठरतं. समजा, फोनवर एकच माणूस आहे. कॉल सरासरी ४ मिनिटांचा, पण कधी छोटा, कधी लांबलेला. फोन केव्हाही येतात आणि वैतागून कुणी फोन ठेवत नाही. तो माणूस ८० टक्के वेळ बोलण्यात असेल, तर ग्राहक सरासरी १६ मिनिटं थांबतो. ९० टक्के केलं की ३६ मिनिटं. ९५ टक्के केलं की ७६! पंचवीस जण मिळून एकच रांग उपसत असतील तर हे आकडे पुष्कळ खाली येतात, पण शेवटच्या टप्प्यातली उसळी काही जात नाही. ‘माणसं रिकामी बसलेली दिसतात, दोन कमी करा’ असं म्हणणाऱ्याला ती उसळी दिसत नसते. आणि याच गणिताची उलटी बाजू अशी, की फेल्युअर डिमांडमधले थोडेसे फोन जरी थांबले, तरी रांग त्याच्या कितीतरी पट आखडते.

थांबण्याचं मानसशास्त्रही आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहून ठेवलंय, की कारण न कळलेलं आणि किती वेळ ते माहीत नसलेलं थांबणं जास्त लांब वाटतं. म्हणूनच ‘तुमचा नंबर राखून ठेवलाय, वीस मिनिटांत आम्हीच फोन करू’ ही सोय लोकांना आवडते. मात्र विसाव्या मिनिटाला फोन गेला पाहिजे.

आता अधिकार. यान कार्लझोन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीचे प्रमुख झाले. त्यांचा हिशेब असा: वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची साधारण ५ कर्मचाऱ्यांशी गाठ, दर वेळी सरासरी १५ सेकंद. म्हणजे वर्षात ५ कोटी वेळा कंपनीची परीक्षा होते, आणि त्या वेळी तिथे साहेब नसतो. मग निर्णय समोरच्या माणसानेच घ्यायला नको का? रिट्झ-कार्लटन हॉटेलांत कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवायला न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करता येतो. लोक त्या रकमेवर चकित होतात. मला त्यातलं ‘न विचारता’ महत्त्वाचं वाटतं.

त्याहून पुढचं पाऊल अ‍ॅमेझॉनने टाकलं. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. तीच कल्पना त्यांनी फोन घेणाऱ्यांच्या हातात दिली. एकाच वस्तूबद्दल तशाच तक्रारी येत राहिल्या, तर तो माणूस ती वस्तू विक्रीतून काढून टाकू शकतो. हेडसेटवरच्या माणसाच्या हातात थेट कारणापर्यंत जाणारी दोरी! आम्हाला ‘दिलगीर आहोत’ एवढंच म्हणायची परवानगी होती.

आता यंत्रांकडे येतो, त्यासाठीच बरेच जण थांबले आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाविरुद्ध निकाल दिला. नातलगाच्या मृत्यूनंतर प्रवास करणाऱ्याला तिकिटाची सवलत मागाहून मिळेल, असं कंपनीच्या चॅटबॉटने सांगितलं होतं. ते चूक होतं. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा कंपनीचा पवित्रा होता. तो अर्थातच टिकला नाही. त्याच महिन्यात स्वीडनच्या क्लार्नाने जाहीर केलं, की त्यांचा एआय सहायक ७०० माणसांचं काम करतोय. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रमुखांनी दर्जा घसरल्याचं मान्य केलं आणि माणसं पुन्हा घ्यायला सुरुवात झाली.

पण यंत्र चुकतं ही माझी भीती नाही. ते सुधारेल, सुधारतंच आहे. माझी भीती उलटी आहे. फोन उचलायला पगार मोजावा लागतो, म्हणून तर ती बिलातली ओळ बदलायला कुणी तयार झालं. उद्या त्याच प्रश्नाला यंत्राने जवळजवळ फुकटात, न कंटाळता लाख वेळा उत्तर दिलं, तर ओळ बदलायची गरज कुणाला वाटणार? ग्राहक मात्र लाख वेळा विचारतच राहील.

मघाशी एकांनी विचारलं, सोमवारी ऑफिसात जाऊन सुरुवात कुठून करू? गेल्या आठवड्यातले शंभर कॉल काढा आणि स्वतः ऐका. गुण बघू नका, वेळ बघू नका. कागदावर दोन रकाने पाडा: हा फोन यायलाच हवा होता, हा यायला नको होता. आम्ही हे केलं तेव्हा दुसऱ्या रकान्यात सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला, तो आधी केलेली तक्रार पोचली का, एवढंच विचारणाऱ्यांचा.