गॅलरीचं म्हणणं

[दृश्य : फुटपाथच्या कडेला जाळ, त्यावर फिरणारी हलगी]

हलगीचं चामडं गार असलं की आवाज बसका येतो. म्हणून कोल्हापुरात फुटबॉल सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमबाहेर आधी पेटतो तो जाळ. पुठ्ठा, नारळाच्या शेंड्या, वाळक्या काटक्या. पटकन धग धरेल असं काहीही चालतं. कडं दोन्ही हातांनी धरायचं आणि हलगी धगीवर गोल फिरवत राहायची. ज्वाळेत धरायची नाही. एकाच जागी थांबली तर चामडं करपतं, आणि पुढे फाटतं ते तिथूनच. मधेमधे टिचकी मारून बघायचं. आवाज ‘ढब’ आला तर अजून ओल आहे, ‘टण्ण’ आला की हलगी तयार.

[दृश्य : हात, जवळून]

उजव्या हातात आखूड, जाड टिपरू. डाव्या हातात बांबूची लवलवती काडी. टिपरू ठोका देतं, काडी त्या ठोक्यांच्या मधली जागा भरते. सोबत घुमकं आणि कैताळ ही वाद्यं. मार्चच्या उन्हात तापवलेली हलगी बराच वेळ ताणलेली राहते. डिसेंबरात ऊन उतरलं की चामडं लगेच सैल पडतं, आणि मध्यंतरात वादक पुन्हा जाळाकडे धावतात. पंधरा मिनिटांत जाऊन, तापवून, जागेवर परत यायचं असतं. हे कलाकार पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपत आलेत. पेठेनं त्यांना सुपारी द्यावी ती मानानं आणि रोख द्यावी, असं जुने समर्थक पोरांना बजावतात. ते योग्यच आहे.

हा ताल आला कुस्तीच्या मैदानातून. पैलवान आखाड्यात उतरताना जी हलगी कडाडते, तीच इथे संघ मैदानात उतरताना कडाडते. संघांची नावंही तशीच : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तांबड्या मातीत घुमणाऱ्या पोरांनी पायात बूट चढवले, तरी नावातली तालीम सुटली नाही. त्यांच्या जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. इथे संघ निवडावा लागत नाही. ज्या पेठेत जन्म, तो संघ.

[दृश्य : शिलाई मशीन, जमिनीवर पसरलेलं कापड]

झेंड्याचा हिशेब सोपा आहे, चुकतो मात्र नेहमी. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, चव्वेचाळीस इंच. पाच-पाच मीटरच्या तीन पट्ट्या, म्हणजे पंधरा मीटर कापड. तीन पन्हे जोडले की एकशे बत्तीस इंच. शिवणीत आणि कडेच्या दुमडीत पाच-सहा इंच जातात. हातात राहतो साडेदहा फूट रुंद, सोळा फूट लांब झेंडा. सुती कापड रंग पितं आणि जड होतं, चार पोरांनाही पेलत नाही. सॅटिन हलकं, पण मशीनखाली सरकतं. म्हणून आधी हातानं कच्चे टाके घालायचे आणि मग शिवायचं. काठीचा नेफा दुहेरी कापडाचा हवा. वारा भरला की सगळा ताण नेफ्याच्या वरच्या कोपऱ्यावर येतो, आणि झेंडा उसवतो तो तिथेच. बंदोबस्त कडक असला तर काठी गेटवरच राहते. अशा वेळी कडेला शिवलेले नाड्यांचे फास कामाला येतात. ज्यांनी ते शिवलेले नसतात, त्यांचा झेंडा दिवसभर घडीतच राहतो.

[दृश्य : मोकळं मैदान, पाण्याचा फवारा]

गॅलरीतला माणूस खेळाडूंच्या आधी मैदान वाचतो. पावसाळ्यात मैदान खेळण्याजोगं राहत नाही, सामने सुरू होतात ते त्यानंतर. मग ऊन वाढतं, एकाच मैदानावर सामन्यांमागून सामने होतात, आणि गोलपोस्टसमोरचं गवत सगळ्यात आधी जातं. तिथे टप्पा पडलेला चेंडू गोलरक्षकाच्या अंदाजापेक्षा वर उसळतो. मैदान कडक आणि चेंडूत हवा जास्त असेल, तर लांब पास पुढच्या खेळाडूच्या डोक्यावरून निघून जातो. नियमात चेंडूतल्या हवेच्या दाबाला ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर अशी मुभा आहे, वजनाला ४१० ते ४५० ग्रॅम. वरच्या टोकाची हवा आणि तापलेली जमीन हे जोडपं जुळलं, की गॅलरीतून एकच कालवा उठतो : ‘खाली खेळा, खाली!’ बाहेरच्याला तो गोंगाट वाटतो, पण त्या ओरडण्यात मैदानाची अचूक पारख असते.

मैदानाला पुरेसं पाणी द्या, दोन सामन्यांत अंतर ठेवा, गोलपोस्टसमोर वेळेवर गवत लावा. कुठल्याही कट्ट्यावर बसा, तिसऱ्या वाक्याला ही मागणी येते. वर्षानुवर्षं त्याच पायरीवर बसून मैदान बघणाऱ्यांना ते विचारलं गेलंच पाहिजे.

[दृश्य : कट्टा, चहाचे ग्लास]

कट्ट्यावरचा दुसरा विषय बाहेरचे खेळाडू. आफ्रिकेतून आलेली पोरं इथल्या संघांतून खेळून गेली आहेत, पेठेनं त्यांना खांद्यावर घेतलं आहे. एक मत असं की धिप्पाड बचावपटूशी भिडल्याशिवाय आपल्या पोराला अंग कसं टाकायचं ते कळत नाही. दुसरं मत असं की गोल मारायची जागाच बाहेरच्याला दिली, तर तालमीतला पोरगा बाकावरच म्हातारा होणार. दुसऱ्या मतात जास्त तथ्य आहे. बचावात बाहेरचा चालेल, पण गोल मारणाऱ्याची नऊ नंबरची जर्सी पेठेतल्या पोराच्या अंगावर हवी.

[दृश्य : टर्फवर सराव करणारी लहान मुलं]

इथल्या मातीत ताकद आहे, हे अनिकेत जाधवनं दाखवलं. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा कोल्हापूरचा हा मुलगा भारताकडून उतरला. पण इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली ती शहरांचे संघ विकत देऊन. मैदानावर जिंकत जिंकत वर चढायची शिडी तालमीसाठी तेव्हा कुणी लावलीच नाही. पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाला, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबईचा एकच संघ उरला. पेठेतला संघ असा बंद पडत नाही, कारण त्याचा मालक पेठच असते.

[दृश्य : भिंतीवरचं निळं-पांढरं चित्र, शेजारी पिवळा झेंडा]

विश्वचषक आला की गल्ल्या अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात. एरवी एका तालमीचे असलेले सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांविरुद्ध उभे. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्स ३-३ वर अडकले, निकाल पेनल्टीवर ४-२ असा लागला, आणि निळ्या-पांढऱ्या गल्ल्यांत फटाके वाजले. भिंत रंगवायची तर आधी जुना चुना खरवडून प्रायमर मारावा लागतो. नाहीतर पहिल्या पावसात मेस्सीचा चेहरा पापुद्र्यांनी सुटतो.

[दृश्य : करंडक, मागे नेत्यांचे फलक]

राजकारण इथे वेगळं काढता येत नाही. चषक नेत्यांच्या नावाचे, बक्षिसं नेत्यांची, फलकावर फोटोही त्यांचेच. मालोजीराजे छत्रपती फुटबॉलच्या संघटनेत, आणि २००४ मध्ये ते आमदारही झाले. चंद्रकांत जाधव स्वतः फुटबॉल खेळलेले, २०१९ मध्ये आमदार झाले, २०२१ मध्ये गेले. समर्थक फलकाला हात जोडतात, पण मत देताना वेगळा हिशेब करतात : करंडक दिला ठीक, मैदानासाठी काय केलं? एन. डी. पाटील यांनी कोल्हापुरात टोलविरोधी लढा पुकारला, तेव्हा रविवारी गॅलरीत एकमेकांवर ओरडणाऱ्या पेठा एका मोर्चात चालल्या. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. २०१९ च्या महापुरातही जेवणाची पाकिटं बांधायला तालमीच पुढे होत्या.

ईर्ष्या हाताबाहेर गेली की दगड उडतात. सामने थांबलेत, गुन्हे नोंदले गेलेत, आणि त्यात काही पोरांच्या नोकऱ्यांचे अर्ज अडकलेत.

[दृश्य : संध्याकाळ, रिकामी होणारी गॅलरी]

शिट्टी वाजते. जिंकलेली पेठ गुलाल उधळत निघते. हरलेली पेठ पायऱ्यांवर तशीच बसून राहते.

[दृश्य : झेंडा गोळा करणारे हात]

झेंडा ओला असताना घडी करायचा नाही, काळे डाग पडतात आणि ते धुऊनही जात नाहीत. आधी तो गॅलरीच्या कठड्यावर पसरतात. वरचा कोपरा दोन बोटं उसवलाय. तिथे खडूनं खूण केली जाते. मशीन बुधवारी मोकळं आहे.