खिडकी बदलायची? आधी दाभण आणा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरातल्या जुन्या खिडक्यांवर, म्हणजे कोणती ठेवायची, कोणती दुरुस्त करायची आन् कोणती उपटून काढायची. दिवाळीच्या रंगाला माणूस लावला की तो भिंत खरडता खरडता हळूच म्हणतो, मालक, ह्या खिडक्या लई जुन्या झाल्या, स्लायडिंग टाकून घ्या, आणि आपण पण हो म्हणून मोकळे होतो. तर हो म्हणायच्या आधी घरातलं दाभण आणा, पोती शिवायचं.

चौकटीचं खालचं आडवं लाकूड असतं ना, त्याच्या कोपऱ्यात टोचायचं, उभं लाकूड जिथं येऊन मिळतं तिथं. नुसतं टोक रुतलं तर लाकूड धडधाकट आहे. रंग उडाला असंल, काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली असंल, बिजागरी खिळखिळी झाली असंल, काच तडकली असंल, ह्यातलं एकही कारण खिडकी बदलायचं नाही, त्याला सुतार पुरे. पण दाभण बोटभर सरळ आत गेलं आणि बाहेर काढताना ओला भुसा आला, तर चौकट गेली, मग वरून कितीही ऑइलपेंट मारा. परत सांगतो, टोक रुतलं तर दुरुस्ती, बोटभर गेलं तर बदली.

आणि आपल्याकडं हे खालचं लाकूड पावसानं कमी अन् कूलरनं जास्त सडतं बरं का. मार्च ते जून कूलर खिडकीत बसवलेला, त्याचं पाणी ठिबक ठिबक चौकटीवर, आणि आपण आत गार झोपलेलो. लोखंडी चौकट असली तर तिथंच गंज धरतो, गंज फुगतो आणि भोवतालचं प्लास्टर फोडतो. प्लास्टर फुटलं म्हणजे ते काम रंगवाल्याचं राहिलं नाही.

आता पावसाळ्यात अडकणाऱ्या खिडकीचं. लाकूड दमट हवेत फुगतंच. श्रावणात अडकली म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नका, नाहीतर परभणीची थंडी तुम्हाला माहीतच आहे, डिसेंबरात त्याच फटीतून भाल्यासारखी आत येते. लाकूड आधी सुकू द्या, मग बघा.

पण कोरड्या दिवसातसुद्धा लागत नसंल तर? तर मग मामाची गोष्ट ऐकावी लागंल.

2016 साल. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल. काळ्या रानात अशा भेगा की वासराचा पाय जावा. आमचे मामा परभणीकडचे, गावात विटा-सिमेंटचं पक्कं घर, पण पाया काळ्या मातीतच, मुरूम लागेपर्यंत खोल कोण जातंय. त्या साली गावातले सगळे बोअर आटले, एकट्या मामाचा चालू, आणि त्याचा मामाला असा तोरा की पाहुणा आला की आधी पाणी नाही, बोअरच दाखवायचे. तर त्या उन्हाळ्यात त्यांच्या पुढच्या खोलीची खिडकी लागंनाच. सागवानाची चौकट, आजोबांच्या टायमाची, पल्ला वरच्या कोपऱ्यात अडकायचा आणि खाली ही एवढी फट. मामी म्हणली सुताराला बोलवा. मामा म्हणले, सुतार कशाला, आता सगळे अॅल्युमिनियमच टाकायलेत. पोरगा आला, टेप लावला, जुनी चौकट उपटली, भोक वाकडं दिसलं तर सिमेंट थापून सरळ केलं, आणि चकाचक स्लायडिंग बसवून गेला. सागवानाची चौकट? ती त्यानं जाताना नेली, फुकट, म्हणे जागा अडायली होती!

(इथं मला बोलल्याशिवाय राहवत नाही, स्लायडिंगचा हा जो नाद लागलाय ना, दोन पल्ल्यांची घेतली तर एका टायमाला निम्मीच उघडते, आपल्या मे महिन्यात निम्मी हवा घेऊन काय करायचं? असो.)

मग सप्टेंबरात पाऊस आला आणि धो धो आला. आठ-पंधरा दिवसात नवी स्लायडिंग जाम. पल्ला निम्म्यात येतो आणि थांबतो. पोराला फोन केला तर पोरगा म्हणे, रोलरमधी माती गेली, तेल टाका. मामानं तेल टाकलं, खोबऱ्याचं. मुंग्या लागल्या, खिडकी काही हलली नाही.

शेवटी एक दिवस गोठ्याच्या दाराची कडी बसवायला गावातला म्हातारा सुतार आला. मामीनं त्याला चहा दिला आणि हळूच खिडकी दाखवली. त्यानं पल्ल्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणला, सुतळी द्या. ह्या वरच्या कोपऱ्यापासून त्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली. मग उलट्या दोन कोपऱ्यांना तीच सुतळी लावली, तर गाठ अंगठाभर बाहेर. "खिडकी गुण्यात नाही," म्हणला, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, आणि घराबाहेर गेला. खिडकीखाली बघतो तर न्हाणीचा पाइप तिथंच सोडलेला, बोअरच्या जिवावर दिवसभर पाणी, पायाशी अळूचा मळा. भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी चीर. तो परत आत आला आणि म्हणला, "मालक, खिडकी कामून बदलली? न्हाणी बदलायची होती."

कळलं का? काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. दुष्काळात सगळ्या भिंतीखालची माती बसली, एक कोपरा मात्र न्हाणीच्या पाण्यानं फुगलेला राहिला, तिथं भिंत तिरकी झाली आणि चौकट दाबली गेली. पाऊस आला तशी बाकीची माती वर आली, आणि वाकड्या भिंतीत सरळ बसवलेली खिडकी पिचली. मामानं पाइप लांब गटारात नेला, भिंतीच्या कडेनं बाहेर उताराची फरशी केली, अळू मामीनं रडत रडत उपटलं. जानेवारीपर्यंत स्लायडिंग बरीचशी सुटली. सागवान मात्र गेलं ते गेलंच, आणि मामी अजून जेवायला वाढताना तो विषय काढते.

म्हणून परत सांगतो, दोन्हीकडून तिरपी सुतळी लावा, फरक आला आणि कोपऱ्यात तिरपी चीर असली तर आधी पाणी कुठं मुरतंय ते शोधा, खिडकी नंतर.

दगड-मातीच्या जुन्या घरात राहणाऱ्यांना एक वेगळं सांगायचंय. तिथं चौकटीवरचं जाड लाकूड वरच्या भिंतीचा भार घेतं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीकडं अशा भिंतींचं काय झालं ते आपल्याला सांगायला नको. वरच्या भिंतीला टेकू दिल्याशिवाय चौकट कुणाला उपटू देऊ नका, चांगल्या मिस्त्रीला दाखवूनच करा.

पश्चिमेची खिडकी तापते म्हणून बदलणार असाल तर थांबा, ऊन काचेच्या बाहेरच अडवलं पाहिजे, छज्जा करा, वाळ्याचा पडदा बाहेरून सोडा, नुसती नवी साधी काच बसवून खोली गार होत नसते.

आणि एवढं सगळं बघून खरंच बदलायची ठरली तर मापं कोरड्या दिवसात द्या, यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, अॅल्युमिनियमपेक्षा कमी तापते ते लक्षात ठेवा, आणि जुनं सागवान घरातच ठेवा. ट्रॅकला बाहेरच्या अंगानं पाणी जायला बारीक भोकं असतात, ती आहेत का बघा, आणि गवंडी ती पांढऱ्या सिमेंटनं हमखास बुजवतो, तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहा. वेळ झाली मंडळी, नमस्कार.