मामांचा जोधपुरी कोट

नमस्कार, श्रोतेहो. जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला जरासा फुगवटा असतो. तिथल्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. तसेच हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही असतात. रक्ताचा दाब वाढून भिंत ताणली, की मेंदूच्या तळाशी निरोप जातो आणि हृदय आवरतं घेतं. दाब घटला की जोर लावतं. पुन्हा सांगतो: दाब वाढला, हृदय आवरतं, दाब घटला, जोर लावतं.

आता मामांची गोष्ट. गंगापूर रोडला एका लॉन्सवर लग्न होतं. मे महिना, मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि एक वाजून गेला तरी नवरदेव डीजेपुढे नाचतोय! पाळायचाच नसेल तर गुरुजींना मुहूर्त काढायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असो. सत्तरीचे मामा नवरीमागे उभे. नवा जोधपुरी कोट, गळ्याशी हूक करकचून लावलेला. मागून कोणीतरी हाक मारली, "मामा, अक्षता!" मामांनी गर्रकन मान वळवली आणि तिथेच कोसळले. एकच गलका! कोणी चप्पल हुंगवतंय, कोणी कांदा फोडून आणलाय. नाशिकच्या लग्नात कांद्याला काय तोटा? वऱ्हाडात एक निवृत्त सिस्टर होत्या. त्यांनी गर्दी हटवली, हूक काढला, मामांना सपाट निजवून पाय खुर्चीवर ठेवले. थोड्याच वेळात मामांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं? "लग्न लागलं का?"

झालं असं, की कॉलर नेमकी त्या फुगवट्यावर दाबली गेली. दाब बाहेरचा, पण मेंदूला वाटलं रक्तदाबच चढला. ठोके मंदावले, रक्तवाहिन्या सैलावल्या आणि दाब खरंच कोसळला. उतारवयात काहींची ही जागा फार हळवी होते, पुरुषांची जास्त.

एरवी हीच यंत्रणा आपल्याला सावरते. अंथरुणातून उठून उभं राहिलं, की अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. दाब घटतो, मग नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं, हृदयाच्या पेशींत कॅल्शियम जास्त शिरतं आणि ठोके नुसते वाढत नाहीत, प्रत्येक ठोका जोरकस होतो. सगळं काही सेकंदांत! पाणी कमी प्यायलेल्यांचं, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचं हे गणित कधी चुकतं. त्यांनी उठण्याआधी दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसावं.

मामांना पुढे ईसीजी लावून डॉक्टरांनी मानेची तीच जागा चोळली, तर हृदय तीन सेकंदांहून जास्त थांबलं. घरी कोणी हा उद्योग करू नका. नाडी बघायची तर मनगटावर बघा. नमस्कार.