पेशी भरपूर आहेत, पण पोचतायत का?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'संदेशवाहक प्रथिने आणि रोगप्रतिकारक पेशींचा प्रवास'. तो वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर विषयात रस आहे किंवा घरची लाइट गेलीय. (हशा)

आधी माझी तक्रार सांगू द्या. मिरजेत मी उभं आयुष्य लॅब चालवली. रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस पाकीट काउंटरवरच फोडतो, पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "सर, चौदा हजार आल्यात. म्हणजे प्रतिकारशक्ती झकास ना?" करोनानंतर तर 'इम्युनिटी' थेट किराणा दुकानात जाऊन बसली. काढे, चूर्णं, गोळ्या, बिस्किटंसुद्धा. आणि हळद! आता सांगलीत उभं राहून हळदीबद्दल वाकडं बोलायचं म्हणजे धाडसच. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद, आणि मागच्या रांगेत दोन-तीन अडते बसलेत, मला दिसतायत. भाजीत घाला, नवरदेवाला लावा, माझी काही हरकत नाही. पण तिच्यातलं करक्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं, हे डबीवर कुणी छापत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पेशी किती हे विचारून भागत नाही. त्या जागेवर पोचतात का आणि पोचल्यावर मारतात का, हे विचारा.

पेशी अशा धावून जातात, हे डोळ्यांनी बघितलं इल्या मेचनिकॉव्हनं. हा किस्सा मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो. आमच्या सौभाग्यवतींना तो पाठ आहे, म्हणून त्या आज आल्या नाहीत. सिसिलीतलं मेसिना, साल १८८२. ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून हे गृहस्थ समुद्राकाठी येऊन राहिलेले. बायको, तिची धाकटी भावंडं, असं भरलं घर. माणूस प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे. पहिल्या रांगेत डॉक्टर मंडळी आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. एक दिवस घरचे सगळे सर्कशीला गेले, माकडांचे खेळ बघायला. हे एकटेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. समोर तारामाशाची अळी, पार आरपार दिसणारी, आतल्या फिरत्या पेशींसकट. मनात आलं, शरीरात काही घुसलं तर या पेशी त्याच्यावर धावून जात असतील का? थोड्याच दिवसांपूर्वी बागेतल्या एका छोट्या झाडाला मुलांसाठी नाताळची सजावट केलेली होती. त्याच बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळीच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! त्या अळीला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणजे कुणी वाहून आणल्या नव्हत्या. आपल्या पायांनी चालत आल्या होत्या. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तेव्हा घरच्यांबरोबर सर्कशीला न जाण्याला शास्त्रीय आधार आहे. (हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली: 'आवरा.' आणि प्रथिनं तर अजून सुरूच व्हायचीत!

भरभर सांगतो. जखमेत जंतू शिरला की तिथल्या पेशी केमोकाइन नावाची छोटी संदेशवाहक प्रथिनं सोडतात. इंटरल्युकिन-८ हे त्यातलं नावाजलेलं. रक्तातली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी सिलेक्टिन नावाच्या चिकट प्रथिनांच्या आधारानं वाहिनीच्या भिंतीवर घरंगळते, इंटिग्रिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनांनी घट्ट चिकटते आणि भिंतीतून अंग चोरून बाहेर पडते. पुढं, भडंगाच्या फोडणीच्या वासावर आपण दुकान गाठतो, तशी ती केमोकाइनच्या मागावर निघते. तिची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पुढच्या आणि मागच्या टोकाशी केमोकाइनमध्ये एक-दोन टक्क्यांचाच फरक असला तरी तिला दिशा कळते.

कशी? पेशीच्या अंगावरचा, केमोकाइन ओळखणारा रिसेप्टर आतल्या जी-प्रथिनाला निरोप देतो, तिथून पीआय-३ कायनेज हे एन्झाइम जागं होतं, आणि पुढच्या टोकाशी रॅक प्रथिन चालू होतं. मग तिथं ॲक्टिनचे धागे वाढतात आणि पेशीला पाय फुटतो. आता ऐका, खरं तर हे सांगायलाच मी आलो होतो. गिळलेल्या जंतूवर सुपरऑक्साइड, म्हणजे जंतू मारायच्या कामी येणारं ऑक्सिजनचं रूप, सोडणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम सुरू करायलाही हेच रॅक, न्यूट्रोफिलमधलं रॅक-२, लागतं. चालायला तेच, मारायलाही तेच! २००० साली एका बाळाचं रॅक-२ बिघडलेलं सापडलं. त्याच्या न्यूट्रोफिल धड चालतही नव्हत्या आणि सुपरऑक्साइडही पुरेसा बनवत नव्हत्या.

एलएडी, म्हणजे पांढऱ्या पेशींना चिकटताच न येण्याचा जन्मजात आजार. त्याच्या पहिल्या प्रकारात बीटा-२ इंटिग्रिन नसतं किंवा फारच कमी असतं. बाळाची नाळ गळायला आठवडेच्या आठवडे लागतात, जखम चिघळते पण पू धरत नाही. आणि रक्तातला आकडा? चौदा हजारांच्या कितीतरी पुढं! पेशी वाहिनीतच फिरत राहतात, उतरायला जमत नाही. सीजीडी, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, या दुसऱ्या जन्मजात आजारात याच्या उलट. पेशी पोचतात, गिळतात, पण ऑक्सिडेज बंद, म्हणून काही जंतू पोटात जिवंत राहतात.

हो, हो, थांबतोच. एकच राहिलं. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर भिंतीला टेकलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि रिपोर्टात आकडा फुगतो, जंतुसंसर्ग नसतानाही. तेव्हा दम्यासाठी म्हणा, सांध्यांसाठी म्हणा, ती गोळी घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा. लॅबवाला विचारेलच असं नाही.