एप्रिलचा बाजार, वर्षाचं बजेट

[दृश्य : नागपूरच्या इतवारीचा धान्य बाजार, सकाळ. ट्रकमधून पोती उतरताहेत.]

मार्च सरत आला की इतवारीत पाय ठेवायला जागा उरत नाही. हमालांच्या पाठीवर पोती, हातगाड्यांची रांग, मागून हॉर्न वाजवणारा छोटा हत्ती, आणि या सगळ्यातून कापडी पिशवी सांभाळत वाट काढणाऱ्या एक काकू. दुकानदार परातीत गहू ओततो. काकू मूठभर गहू तळहातावर पसरतात, दोन दाणे दाताखाली धरतात. कट्ट आवाज आला तर माल वाळलेला. दाणा दबला, तर भाव विचारायचीही गरज नाही.

"नवा लोकवन आहे काकू, मध्य प्रदेशचा. कालच उतरला."

"नवा आहे ते दिसूनच राहिलं भाऊ. वाळला कुठं आहे पण?"

दुसऱ्या पोत्याची शिवण उसवली जाते.

काटकसर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रोजची घासाघीस येते. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालायची, वरून सांबाराच्या चार काड्या फुकट मागायच्या. (पुण्या-मुंबईकरांनी कोथिंबीर समजावं.) करावी खुशाल, त्यात मजाही असते. पण महिनाभर रोज पाच रुपये वाचवले तरी दीडशेच होतात. नागपूरच्या घरात खरा पैसा वाचतो किंवा उडतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. वर्षाचं धान्य कधी भरलं आणि कूलर कसा चालवला, या दोन गोष्टींवर बरंच काही ठरतं.

[दृश्य : गच्चीवर चादरीवर पसरलेला गहू.]

चार माणसांच्या घराला वर्षाला साधारण दोन क्विंटल गहू, क्विंटलभर तांदूळ आणि पंचवीस-तीस किलो तूरडाळ लागते. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते आणि नवी डाळ मार्चपर्यंत बाजारात येते. गहू मार्च-एप्रिलचा. भंडारा-गोंदियाकडचा तांदूळ दिवाळीच्या आगेमागे निघतो, पण नव्या तांदळाचा भात चिकट होतो. म्हणून जाणती माणसं तो चार-सहा महिने मुरल्यावर, एप्रिलमध्येच घेतात. आवक भरपूर असते तेव्हा भाव पडलेले असतात, हे शेतकऱ्याचं दुखणं. गिऱ्हाइकासाठी मात्र हीच वेळ. गणपती-दिवाळीत तोच गहू दहा-दहा किलोच्या पिशवीत घ्यायचा म्हणजे साठवणुकीचं भाडं, मधल्यांचा नफा आणि पिशवीवरची छपाई, सगळं आपल्याच खिशातून.

आणलेलं धान्य टिकवणं हे वेगळं काम आहे. नागपूरचं मेमधलं ऊन इथं कामी येतं. गहू गच्चीवर दोन-तीन उन्हं खातो. पण घाई करणारे एक चूक हमखास करतात : संध्याकाळी तापलेला गहू तसाच कोठीत ओततात. गरम दाणा बंद कोठीत घाम धरतो, आणि ओल आली की सोंडे आलेच. गहू गोळा करून रात्रभर घरात पसरून ठेवायचा, हाताला थंड लागला की भरायचा. थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेल तेलाचा नुसता हात फिरवायचा. तांदळाला कडक ऊन दाखवायचं नाही, दाणा तडकतो आणि कणीच जास्त होते. एवढं करायचं नसेल, तर वर्षाचं धान्य भरूच नये. पावसाळ्यात अर्धी कोठी किड्यांनी खाल्ली तर स्वस्ताईचा हिशेब कशाला सांगायचा?

मिरचीचंही तसंच. कळमन्याच्या बाजारात हिवाळा संपता संपता लाल मिरचीचे ढीग लागलेले असतात. नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तसंच मानांकन शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला. देठासकट मिरची घेतली तर स्वस्त पडते. घरी देठं खुडून, उन्हात कडक करून कांडून आणायची. हळकुंडंही दळून आणता येतात. पाकिटातल्या तिखटाच्या रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं. देठं खुडताना मात्र घरातले सगळे शिंकून शिंकून बेजार होतात, त्याला इलाज नाही.

[दृश्य : वाळत घातलेल्या कुरडया, मुगाच्या वड्या.]

वाळवणाबद्दल थोडं सांभाळून बोलू. पापड-कुरडया घरी केल्या की स्वस्त पडतात, असं सर्रास सांगितलं जातं. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, शिजवा, सोऱ्यातून घाला. या कष्टाची मजुरी धरली तर त्या अजिबात स्वस्त नाहीत. चार घरच्या बायका एका गच्चीवर जमल्या, गप्पा झाल्या, काम वाटलं गेलं, तरच परवडतं. नाहीतर बचत गटाकडून किलोभर घ्याव्यात, त्यांचंही घर चालतं.

वड्यांचं गणित वेगळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात आवक घटते आणि टोमॅटो, फ्लॉवर, मिरची सगळंच चढतं. तेव्हा डब्यातल्या मुगाच्या वड्या काढायच्या, तेलात परतायच्या, रस्सा करायचा. नागपुरी स्वयंपाकघर तसंही डाळीच्या जोरावर उभं आहे. भाजी नसली की पाटोडीचा रस्सा, झुणका, नाहीतर गोळाभात. हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे भातात शिजवले आणि वरून फोडणीचं तेल ओतलं की ताटात भाजी नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला तरोटा (इतरांचा टाकळा) उगवतो, तो तर फुकटच. कोवळा असताना खुडावा, आणि गटाराकाठचा सोडून द्यावा.

[दृश्य : खिडकीला लावलेला लोखंडी कूलर. जुनं गवत काढलं जातं आहे.]

आता कूलर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या प्रत्येक मोहल्ल्यात हे दृश्य दिसतं. गेल्या वर्षीचं गवत क्षारांनी पांढरं, कडक झालेलं असतं, हातात घेतलं की चुरा होतो. त्यातून ना हवा जाते ना पाणी झिरपतं, पण पंखा तेवढीच वीज ओढतो. नवं गवत जाळीत भरताना ते सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. कुठे पातळ राहिलं की गरम हवा नेमकी तिथूनच घुसते. पंपाची जाळी साफ करायची, टपाला आतून रंगाचा हात द्यायचा. खर्च अगदीच किरकोळ.

कूलर इथं चालतो कारण नागपूरची मेमधली हवा कोरडी असते. ओल्या गवतातून जाताना पाण्याची वाफ होते आणि ती हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवंच. खोली बंद केली की दमटपणा आतच कोंडतो, अंग चिकट होतं, आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "आपण एसीच घेऊन टाकू." बाप्पा, आधी खिडकी तर उघडा!

एसी घ्यायचा असेल त्यांनी घ्यावा, म्हाताऱ्या माणसांना पंचेचाळिशीपलीकडच्या पाऱ्यात तो लागूही शकतो. पण आकडे बघून घ्यावा. साधारण २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिट, महिन्याला साठ. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. रात्री आठ तास धरले तरी महिन्याला अडीचशे ते साडेतीनशे. एरवी घराचा वापर १२० युनिट असेल, तर कूलरने तो १८० वर जातो आणि एसीने चारशेच्या आसपास.

इथं वीजबिलाची खरी मेख आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळजवळ दुप्पट, तिसऱ्याचा आणखी चढा. अनेकांची समजूत असते की १०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नसतं. पहिले शंभर पहिल्या टप्प्याच्याच दराने, फक्त पुढची युनिटं महाग. त्यामुळे एका युनिटाने टप्पा ओलांडला म्हणून जीव जाळायचं कारण नाही. पण जे युनिट वाचतं ते नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं, हे ध्यानात ठेवावं.

साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तीसेक वॅट. दिवसाला पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. बिल दुसऱ्या टप्प्यात असेल तर पंख्याची किंमत दीडेक वर्षात वसूल होते. शंभराच्या आतच बिल येणाऱ्या घराने मात्र चांगला चालणारा पंखा काढून फेकण्याची घाई करू नये. गच्चीला उन्हाळ्याच्या आधी चुन्याचा पांढरा हात मारला तर वरच्या मजल्याची खोली कमी तापते. एसी असेलच तर २४ अंशांवर, आणि सोबत पंखा.

जूनमध्ये पाऊस आला की कूलरचा उपयोग संपतो, पण टपातलं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतात. टप रिकामा करून, पुसून, उलटा ठेवायला दहा मिनिटं लागतात. दवाखान्याचं बिल किती येतं ते मोहल्ल्यात कोणालाही विचारा.

स्वतःची गच्ची असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, आणि तीन किलोवॅट किंवा जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात. दरमहा दीड-दोनशे युनिट जाळणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुरतात. उगाच मोठं बसवू नये. धूळ मात्र पुसावी लागते, आणि नागपुरात ती भरपूर आहे.

पेट्रोलचं थोडक्यात. लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत आणि ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत मेट्रो आहे, सीताबर्डीला गाडी बदलता येते. नोकरी या रेषेवर असेल तर दुचाकी आठवड्यातून दोन दिवस घरी ठेवून बघावी. रेषेपासून दूर असेल तर ऑटोच्या भाड्यात सगळं मुसळ केरात.

[दृश्य : मानेवाडा, एका घराचं अंगण. दुपारी जमलेल्या बायका, मध्ये वही.]

इतका वेळ आपण एका गोष्टीला बगल देत होतो. एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य भरायला एप्रिलमध्ये हातात रोख लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला पाच किलोच्या वर गहू घेता येत नाही, म्हणून त्याला तोच गहू महाग पडतो. गरिबाला सगळंच सुटं घ्यावं लागतं, आणि सुटं नेहमी महाग. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य सध्या मोफत मिळतं, त्याने बराच आधार होतो. तरी डाळ, तेल, तिखट उरतंच.

या अंगणात त्यावर एक तोड निघाली आहे. बारा बायकांची भिशी आहे, पण चिठ्ठी निघत नाही. नेहमीच्या भिशीत पहिल्या महिन्यात नंबर लागला त्या बाईला बिनव्याजी कर्ज मिळतं, आणि शेवटच्या नंबरवालीचे पैसे वर्षभर बिनव्याजी अडकतात. इथं मे ते मार्च असे अकरा महिने प्रत्येकीने हजार रुपये टाकायचे. एप्रिलमध्ये एक लाख बत्तीस हजार जमलेले असतात. त्यातून सगळ्यांचं धान्य एकदम, ठोक भावाने, एकाच टेम्पोत. कोणाला कमी लागलं तर उरलेले पैसे परत.

वही सांभाळणाऱ्या ताई सांगतात, "पहिले पैसे माह्या कपाटात राहत होते. रात्री झोप येत नव्हती बाप्पा."

आता बचत गटाच्या नावाने बँकेत खातं आहे, सह्या तिघींच्या. दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून जवळच्या एका पतसंस्थेत पैसे टाकावेत, असा विषय निघाला होता. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. हे कळल्यावर विषय तिथंच संपला.

यंदाची यादी तयार होते आहे. गव्हावर एकमत झालं, डाळीवर झालं. अडलंय ते तांदळावर. दोघींना भंडाऱ्याचा वासाचा चिन्नोर हवा, भाव काही का असेना. बाकीच्यांना एचएमटी, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेलं वाण. तिसरी म्हणते, रोजच्या भाताला वास कायले पाहिजे? चौथीचं म्हणणं, पाहुणे आले की मग चिन्नोर उसना मागायला येऊ नका. वही उघडी आहे आणि तांदळापुढची जागा अजून कोरी आहे.