टेंट शिवायला टाकण्याआधी

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं. तर टेंट, सॅक असलं सामान शिवायचं म्हटलं की लोकांना वाटतं जाड धागा आणि गच्च बारीक टाके, झालं काम. मलाही तसंच वाटायचं. एकदा टेंटच्या कोपऱ्यातला पट्टा उसवला म्हणून मी तो कपडे शिवणाऱ्या एकाकडे नेला आणि वर शहाणपणा करून सांगितलं की टाके एकदम बारीक घाला. त्याने बिचाऱ्याने घातले. पुढच्याच वादळी रात्री कापड टाक्यांच्या रेषेतून टर्रकन गेलं, पोस्टाची तिकिटं भोकांवरून सुटतात ना, अगदी तसं. धागा मात्र शाबूत!

म्हणजे गडबड भोकांची असते. टेंटचं कापड नायलॉन नाहीतर पॉलिस्टरचं, त्यावर कोटिंग, एकदा सुई आरपार गेली की ते भोक मिटतच नाही. म्हणून टाका 3 ते 4 मिलिमीटरचा लांब ठेवायचा, टाचण्या लावायच्या नाहीत, क्लिपा लावायच्या, आणि चुकलं तर उसवून परत त्याच जागी शिवायचा मोह टाळायचा. सुई पातळ कापडाला 80 नंबरची पुरते, जाड पट्ट्याला 100 किंवा 110. चामड्याची सुई नको, तिचं टोक धारदार असतं, ती तंतूच कापते.

धाग्याचं म्हणाल तर साधा सुती धागा ओलाव्यात कुजतो. नायलॉनचा दणकट, पण उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर मरतो, म्हणून उन्हापावसात राहणाऱ्या वस्तूला मी पॉलिस्टरच सांगतो, आणि सॅकच्या पट्ट्यांना बॉन्डेड धागा, म्हणजे पदर सुटू नयेत म्हणून वरून लेप दिलेला, 69 नंबरचा.

आता मशीन. घरच्या मशीनला खालचे दातेच कापड ओढतात, त्यामुळे चार थर असले की वरचा थर मागे रेंगाळतो, शिवण चुण्या मारते आणि पट्टा तिरका बसतो. वॉकिंग फूटवाल्या मशीनमध्ये वरचा फूटही कापड पकडून पाऊल टाकतो, सगळे थर एकदम सरकतात. असली मशीन ताडपत्री, जहाजांची शिडं किंवा सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्यांकडे असते, तेव्हा विचारायचं त्यांना. आणि पट्टा जिथून निघालाय तिथे कापड आधीच थकलेलं असतं, म्हणून मागून एक तुकडा लावा म्हणावं आणि पट्ट्यावर चौकोन मारून मधे फुली. नुसती एक आडवी रेघ मारली तर सगळा ताण तिच्यावरच.

देताना टेंट स्वच्छ आणि कोरडा द्या हो! ओल्या, मातीने भरलेल्या टेंटला कोणी हात का लावावा? उसवलेल्या जागी रंगीत टेप चिकटवा, शिवणाऱ्याला शोधत बसायला नको. आणि चेन मिटत नसेल तर आख्खी चेन बदलायला निघू नका, बहुतेक वेळा रनर झिजून सैल झालेला असतो, तेवढाच बदलला तर कापडाला सुई लावायचीच गरज नाही. आतलं कोटिंग चिकट होऊन सोलायला लागलं असेल तर मात्र शिवणीवर खर्च नको, तो टेंट संपला.

मघाशी कोणीतरी हार्नेसचं, म्हणजे कडा चढताना कमरेला बांधतात त्या पट्ट्यांचं विचारलं. नाही. चढाईचा हार्नेस कोणाकडूनच शिवून घ्यायचा नाही, शिवण उसवली की तो बाद.

राहिलं शिवण सील करणं, म्हणजे टाक्यांच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून ती बुजवणं, हे घरी जमतं. कापडावर सिलिकॉनचं कोटिंग असेल तर सिलिकॉनचाच सीलर, दुसरा त्यावर धरतच नाही, पापुद्र्यासारखा निघून येतो. ब्रशने टाक्यांवर पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या, आणि घडी घालण्याआधी थोडी टाल्कम पावडर भुरभुरा. नाहीतर टेंट स्वतःलाच चिकटतो आणि मग पुढच्या वेळी दोघं दोन टोकं धरून ओढत बसता.